मागचं वजन

गुलाब बसनं आला, तेव्हाच मी काय ते समजलो. इतक्या वर्षांत तो अमरावतीत राजापेठेला माझ्या घरी कितीदा तरी आला असेल, पण नेहमी दौलतभाऊजींचा गडी म्हणून, त्यांच्या गाडीतून, त्यांच्या शेजारी बसून. ती गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की शेजारपाजारच्या फळीवरची भांडी वाजायची आणि आमची ही न सांगता चहाचं आधण ठेवायची. त्या सकाळी भांडी वाजली नाहीत. दारात गुलाब एकटाच उभा होता, खांद्यावरचा दुपट्टा हातात घेऊन. "भाऊ गेले," तो म्हणाला. "चहा पेता पेता गेले. बशीतला चहा बी सांडला नाई." मी उंबऱ्यावरच बसलो. गुलाब म्हणाला, "मी गाडीच घेऊन येत होतो. पण बाई म्हणे, आज ते गाडी कोणी चालू करू नका... म्हणून बसनं आलो." कारण त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला ते ठाऊक होतं.

दौलतभाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला दर्यापुरात, धंदा विहिरी उपसून देण्याचा. दोन चाकांच्या लोखंडी गाड्यावर डिझेल इंजिन आणि पंप बसवलेला असायचा. तो गाडीमागे जोडून गावोगाव जायचं, विहीर कोरडी करून द्यायची, मग मालकानं माणसं लावून गाळ काढायचा. उन्हाळाभर हे काम पुरायचं. पण त्याच पंपाला दुसऱ्याही एका कामाचं बोलावणं यायचं, आणि त्याला उन्हाळा-पावसाळा नसे. कुणी विहिरीत पडलं, गळ टाकून हाती लागलं नाही, की लोक दर्यापूरला भाऊजींच्या दारात येऊन उभे राहायचे. भाऊजी जेवत असले तरी ताट तसंच सरकवून उठायचे. पहिल्यांदा असं काम करून निघाले, तेव्हा त्या गावच्या एका म्हातारीनं त्यांना सांगितलं होतं, "बापू, घरी जातपर्यंत मागं पाऊ नको. पाण्यातलं मागं लागते." मसणवटीतून परतताना आपल्याकडे मागे पाहत नाहीतच, त्यातलाच हा प्रकार. पण ज्याच्या गाडीमागे पंप बांधलेला आहे, त्यानं मागे पाहायचं नाही म्हणजे पंचाईतच! भाऊजींनी त्यावर उपाय काढला. गाडीचा आरसा काढून टाकला आणि मागचं सगळं बुडाखालून ओळखायला शिकले.

म्हणून तर जुनी गाडी दगावल्यावर नवी निवडायला आम्ही अकोल्याला गेलो, तेव्हा त्यांनी रहीमचाचांना वैताग आणला. रहीमचाचांच्या आवारात लष्करातून मोडीत निघालेल्या गाड्या असत. मी आपला कचेरीतला माणूस. एका देखण्या पेट्रोल जीपवर माझा जीव जडला होता. भाऊजी मात्र इंजिनाकडे पाहीनात, टायर बघीनात. म्हणाले, "चाचा, मागं एक बंडी बांधा. बैल नका जुपू. मी गाडी चालवतो, मागं पायत नाई. तुमी माणसं चढवा, उतरवा, काई बी करा. मले गाडीनं सांगितलं पायजे." चाचांनी कपाळाला हात लावला. पण गिऱ्हाईक जुनं होतं. माझी लाडकी जीप घोड्यासारखी पळाली, पण मागे बंडी आहे की नाही याचा तिला पत्ताच नव्हता. दुसरा एक थोराड ट्रक होता, त्याला बंडी म्हणजे हत्तीला शेपटी. तिसरी गाडी धरणाच्या कामावरून आलेली, चारही चाकांना जोर असलेली, रंग उडालेली. चाचांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं होतं. चालू केली की दातावर दात आपटायचे. काळ्या वावरातून ती रांगत निघाली. भाऊजी डोळे अर्धे मिटून, समोर मान ठेवून बोलत होते, "दोघं उतरले... आता एक चढला. हलका हाये कोणी." चढला होता तो आवारातला काटकुळा चौकीदार! मला वाटलं, काहीतरी खूण ठरलेली असणार. म्हणून मी स्वतः पळत जाऊन बंडीत चढलो आणि नाल्याशी गुपचूप उतरलो. पुढून आवाज आला, "मनोहर उतरला."

खरं सांगतो, त्या क्षणी मला ती गाडी आवडेनाशी झाली. पंपाला अन् गाडीला एकच डिझेलचं पिंप पुरेल, चिखलात फसणार नाही, ही कारणं भाऊजींनी ताईला सांगितली. ती खरीच होती. पण गाडी घेतली ती मागचं वजन बुडाला कळतं म्हणून.

त्यानंतरचीच गोष्ट. हिवरखेडच्या अलीकडच्या एका खेड्यातून बोलावणं आलं. मी सुट्टीत ताईकडे गेलो होतो, म्हणून बरोबर निघालो. कौतिकाबाई नावाची माळीण, वांगी-मेथी पिकवून बाजारात विकणारी, नवरा नसलेली. तिची मुलगी गोदा माहेरपणाला आली होती. आदल्या दिवशी सकाळी मळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, तोडायला गेली ती परत आली नाही. टोपली विहिरीच्या कडेला सापडली, टोपलीत सांबार. गळ टाकून झाला होता. आम्ही पोचलो तोवर गावानं आपला निकाल देऊनही टाकला होता. कुणी म्हणे, तिला अकोटच्या मोटारीत बसताना पाहिलं. तिचा चुलता सगळ्यांदेखत म्हणाला, "विहीर उपसून काय भेटते? पोट्टी पळाली." कौतिकाबाई त्याच्या अंगावर धावून गेली नाही की रडली नाही. भाऊजींसमोर येऊन एवढंच म्हणाली, "बापू, मेली असन तर मेली म्हणा. पण पळाली म्हनू देऊ नका."

दुपार टळेपर्यंत पंप धडधडत होता. तळ दिसला. गुलाब दोर धरून खाली उतरला आणि सगळा गाळ त्यानं पायानं तुडवून पाहिला. एक बांगडीसुद्धा लागली नाही. वर आला तो मान हलवतच. जमलेले लोक एकमेकांकडे बघून हसले, आणि ते हसणं कौतिकाबाईनं पाहिलं. ती पंपाच्या चाकाला धरून बसली. "तिले सोडून नका जाऊ," म्हणाली. भाऊजी खाली वाकून म्हणाले, "माय, विहीर कोरडी हाये. तिथं कोणी नाई." लोक पांगल्यावर ओले पाइप गाडीत छतापर्यंत रचले, आम्ही तिघं पुढे बसलो आणि निघालो. पंप गाडीला जोडून खीळ घालायचं काम भाऊजी दुसऱ्या कुणाला करू देत नसत. त्या दिवशीही त्यांनीच केलं.

नाल्याच्या चढाला गाडी अडली. मागून कुणीतरी धरून ठेवावी तशी. भाऊजींनी खालचा गिअर टाकला. उताराला लागलो तर पाठीत ढकलल्यासारखं झालं, ते मलाही कळलं. "आज लय जड चालून राहिला पंप," भाऊजी म्हणाले. गुलाब म्हणाला, "पाइप ओले हायेत ना." तशीच रांगत गाडी दर्यापूरला आली. दिवेलागण झाली होती. ताई कंदील घेऊन बाहेर आली, गाडीला वळसा घालून मागे गेली आणि तिनं विचारलं, "पंप कुठी ठेवला तुमी?"

आम्ही उतरून पाहिलं. मागे काहीही नव्हतं. खीळ आकड्यात जागच्या जागी होती, वरची तार नीट वळवलेली, आणि आकड्यावरून पाणी ठिबकत होतं. पाइपांचं असेल. घाईत पंपाच्या दांडीची कडी आकड्यात बसायच्या आधीच खीळ घातली गेली असेल. हे सगळं मला तेव्हाही सुचलं, आजही सुचतं. पण मग नाल्याच्या चढाला आम्हाला धरून ठेवलं ते कशानं? भाऊजी पायरीवर बसले. "मनोहर," ते म्हणाले, "ते इथवर आली रे माह्यामागं. मी तिच्या मायले सांगून आलो, तिथं कोणी नाई म्हणून..."

उजाडायच्या आत आम्ही परत निघालो. जाताना गाडी हलकी होती, भाऊजींनी ते दोनदा बोलून दाखवलं. मळ्यात पंप एकटाच उभा होता, दांडी जमिनीला टेकलेली, आणि त्याच्या चाकाला डोकं लावून कौतिकाबाई बसलेली. रात्रीतून विहिरीत कमरेइतकं पाणी आलं होतं. ते पुन्हा उपसलं. या वेळी भाऊजी वरून ओरडले, "गुलाब, तळ नको पाऊ! बाजूले पाय, कपारीत!" विहिरीच्या बांधकामाखाली माती खचून एक कपार झाली होती, तोंडाशी चिंचोळी, आत खोल. गुलाब आडवा होऊन तिच्यात शिरला. बाहेर आला तेव्हा त्यानं दोर मागितला नाही, चादर मागितली.

कौतिकाबाईनं आपला पदर लेकीच्या तोंडावर ओढला, केस सारखे केले आणि मग जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाली, "आता बोला." चुलता खाली बघत होता. गोदाचा पाय घसरला होता की आणखी काही, ते कुणाला कळलं नाही. पण पळाली हा शब्द त्या गावातून त्या सकाळी पुसला गेला. निघताना कौतिकाबाईनं विचारलं, "बापू, तुमी परत काहून आले?" भाऊजी म्हणाले, "तिनंच आणलं, माय."

गुलाबला हे पटत नाही. छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हापासून तो भूतखेत मानत नाही, आणि माझ्यासारख्या अर्ध्या-कच्च्या माणसापेक्षा त्याचं न मानणं पक्कं आहे. "झरा आत ओढते, माणूस कपारीत जाते. यात भूत कायचं?" असं तो आजही म्हणतो. मात्र त्या दिवसापासून गाडी निघायच्या आधी खीळ आणि कडी तो स्वतःच्या हातानं चाचपायचा.

भाऊजींना मात्र एक सवय लागली ती लागलीच. रिकामी गाडी चालवताना मधेच ती जड व्हायची, म्हणजे त्यांना तसं वाटायचं, की ते थांबायचे. मागे न पाहता मोठ्यानं म्हणायचे, "बस माय, घेऊन चाललो." थोडं थांबून मग हळूहळू निघायचे. घरी आल्यावर शेडमध्ये गाडी लावताना मागे पंपाइतकी जागा मोकळी सोडायचे, पंप गावाला असला तरी. "भाऊजी, तिकीट तरी फाडत जा," असं मी चिडवायचो. ते हसायचे. एकदाच म्हणाले, "कोणाले रस्त्यात सोडलं, हे पुन्हा माह्याकडून होऊ नये, मनोहर. बाकी तू हास."

भाऊजी गेल्यावर तीन आठवड्यांनी मी ताईला अमरावतीला घेऊन आलो. भाऊजींना मागे सोडून गाडी निघू नये, म्हणून त्या दिवशी तिनं ती चालू करू दिली नव्हती; आता ती शेडमध्ये गंजू द्यायची नाही, असंही तिनंच ठरवलं. पंप गुलाबला दिला. गाडीत ताई माझ्या शेजारी बसली, मांडीवर भाऊजींचा चहाचा कप पदरात गुंडाळलेला. भर दुपार होती, रस्ता मोकळा, मागे काही जोडलेलं नाही. दर्यापूर सुटलं, नाल्यावरच्या पुलाचा चढ आला आणि गाडी अडली. मी खालचा गिअर टाकला. माझ्या पाठीला ते ओळखीचं ओढणं लागलं. आरसा नव्हताच. ताई समोर बघत होती.

"थांब," ती म्हणाली.

मी थांबलो. इंजिन धडधडत राहिलं. तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि मागे न बघता अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "बसा नीट. आमाले घाई नाई."

मग आम्ही निघालो, हळूहळू. मी रडत होतो आणि गाडी चालवत होतो.

आता ती गाडी राजापेठेत आमच्या घराशेजारी असते. बोळ अरुंद. मी ती भिंतीला न टेकवता पुढे घेऊन लावतो, त्यामुळे मागे थोडी जागा उरते. शेजारचे लोक कुरकुरतात, सायकली तरी लावू द्या म्हणतात, जागा रिकामीच तर आहे. त्यांचं बरोबर आहे. पण ती रिकामी आहे, असं अजून माझ्या तोंडून निघत नाही.