हारूनचं स्कॉटलंड

सौदीतल्या आमच्या अबकैकच्या कॅम्पातला हारून मुकादम म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. गाव हर्णै. मेसमधले डबे स्कूटरवरून कंपाउंडमधल्या ऑफिसांत पोचवायचे, हे काम. माझा खोलीतला सोबती. घोरतो, पण बाकी तक्रार नाही.

निताकतचे, म्हणजे परदेशी माणसांच्या नोकऱ्या सौदींना द्यायच्या कायद्याचे दिवस होते. आज एकाच्या खुर्चीत सौदी माणूस, उद्या दुसऱ्याच्या. आमच्या मल्याळी सुपरवायझरच्या जागी उसामा नावाचा तरुण सौदी आला आणि आल्या आल्या नोटीस लागली: खोलीबाहेर लुंगी बंद. माझं डोकंच फिरलं. दिवसभर पँट घालून राबलेल्या माणसाने संध्याकाळी तरी पाय मोकळे करायचे की नाही?

त्याच आठवड्यात उकळत्या डाळीचं पातेलं हारूनच्या मांड्यांवर कलंडलं. डॉक्टर म्हणाला, पँट नको, आराम कर. आराम कसला? त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आलेला आणि नव्याची शिफारस उसामाच्या हातात; नवा नाही मिळाला तर गावी गेलेला माणूस परत येत नाही. घरी इकराचं, त्याच्या मुलीचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष. ते पुरं होईपर्यंत इथे टिकायचं, एवढंच त्याचं मागणं होतं.

"रजा मागितली की खलास," तो म्हणाला. "नि लुंगीत गेलो तरी खलास."

मार्ग काढला मॅकफर्सनसाहेबाने. हा स्कॉटिश इंजिनिअर. त्याच्याही जागी सौदी आला होता आणि तो फायनल एग्झिटवर, म्हणजे कायमचा जायला, सामान बांधत होता. निरोपाच्या पार्टीला तो चौकडीचा घागरा घालून आला होता आणि त्याला कोणी नोटीस दाखवली नव्हती. गोऱ्या माणसाचे उघडे गुडघे म्हणजे संस्कृती. हारूनची अडचण ऐकून तो म्हणाला, हा किल्ट घेऊन जा, माझ्या कमरेत आता मावत नाही.

हारूनने निऱ्या पुढे घेतल्या. साहेब म्हणाला, त्या मागे असतात. हारून म्हणाला, "मागे घेतल्या तर बसल्यावर मोडतील." साहेबाने मग आपला पट्टाही काढून दिला.

पहिल्या दिवशी हारून डबे घेऊन निघाला आणि मेसच्या वळणावर वाऱ्याने किल्टचा मोकळा पदर थेट तोंडावर आला. आत चड्डी होती. हारून विचारी माणूस. पण समोर उसामा उभा.

"हे काय?"

"स्कॉटलंड, साहेब. मॅकफर्सनसाहेबांचा पोशाख."

उसामाने खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बाजूला झाला.

रात्री हारून वैतागला. लोकर अंगाला टोचते, उकडतं, आणि कापड बाजूने शिवलेलंच नाही. "शिवलेली नाय ती लुंगी कसली? चादर ती!" दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचीच शिवलेली लुंगी काढली, निऱ्या घातल्या, वर साहेबाचा पट्टा आवळला. चौकडी ती चौकडी. मी म्हटलं, "मरशील." तो मेला नाही. लुंगी उडाली नाही. गेटवरचा पहारेकरी सलाम करून "स्कॉटलंड!" म्हणायला लागला आणि हारून गंभीरपणे मान हलवायला लागला. नोटीस भिंतीवर होती तशीच होती.

जखम भरली. हारून पँट घालून कामावर गेला आणि त्याच दिवशी उसामाने त्याला आत बोलावलं. आता संपलं, असं मला वाटलं. मी दाराशीच थांबलो.

"स्कॉटलंड कुठे?" उसामाने मोडक्या हिंदीत विचारलं.

"गेलं, साहेब. फायनल एग्झिट."

उसामा हसला नाही. "माझे आजोबा दक्षिणेकडच्या खमीस मुशैतचे," तो म्हणाला. "जन्मभर कमरेला असंच कापड गुंडाळून शेळ्या राखल्या. लुंगी मला कळत नाही असं वाटलं तुला?"

"चूक झाली, साहेब," हारून म्हणाला.

"नोटीस वरच्या ऑफिसची. मला काढता येत नाही. पण तिच्यात स्कॉटलंडचं नाव नाही." मग त्याने आवाज उतरवला. "तुझी बाजूने शिवलेली असते ना? आजोबा आता थकलेत. चारचौघांत कापड सुटतं त्यांचं, मग दिवसभर कोणाशी बोलत नाहीत. मला तसली एक पाहिजे."

"माझीच धुऊन देतो, साहेब."

"वापरलेली नको. नवी. सुट्टीला गावी जाशील, तेव्हा येताना आण."

हारून बाहेर आला आणि पायरीवर बसला. मी विचारलं, इकाम्याचं काय? त्याने फोन काढून बायकोला लावला.

"हाजरा, एक लुंगी शिवून ठेव. चांगली, दुहेरी शिवणीची." पलीकडून तिने काहीतरी विचारलं. "माजी नाय गो. मना परत येताना आणायची हाय."