विहीणबाई, कांदे आणि माझा भात

बायांनो, डोकं पार चक्रावलंय माझं.

सकाळी नांदेडच्या भाजी बाजारात गेले होते. सोबत मुखेडहून आलेली माझी आई आणि निलंग्याच्या सासूबाई.

भाकरीसोबत बुक्कीनं फोडायला म्हणून आईनं बारीक, लाल कांदे टोपलीत टाकले. "खरंय विहीणबाई, लाल कांद्याला चव लई," असं म्हणत सासूबाईंनी ते हळूच काढले आणि मान वाळलेले मोठे कांदे टाकले. ते टिकतात. "हाव, तुमचंबी बरोबर हाय," म्हणत आईनं तेही काढले. भांडण नाही, तंटा नाही, पण टोपली रिकामीच!

शेवटी कांदेवाली माझ्यावरच खेकसली, "ताई, घेणार हाव का निस्तं निवडून राहिलाव?" मी दोन्ही घेतले.

घरी आल्यावर भात. आई म्हणाली, तांदळाच्या वर बोटाचं एक पेर पाणी ठेव. सासूबाई म्हणाल्या, तांदूळ जुना हाय, भरपूर पाण्यात शिजवून पेज काढ. मग दोघी एकमेकींकडं बघून गोड हसल्या. "आज तू तुझ्या पद्धतीनं कर बाई."

पाण्याचा तांब्या हातातच राहिला. मुखेडला गेले की मी पेरानं मोजते, निलंग्याला पेज काढते. इथं माझ्या घरात ज्या आल्या असतील त्यांच्यासारखा करते. मग माझी पद्धत कोणती? लग्नाला इतकी वर्षं झाली आणि मला सांगताच येईना.

भात कसा झाला ते विचारू नका. एवढंच सांगा, तुमच्या घरचा भात तुमचा असतो का?