विमान कुणाच्या हद्दीत?

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, श्री. तुळशीराम जोमा चोगले, राहणार रेवदंडा कोळीवाडा, वय साठीच्या आसपास, उंची मध्यम, मिशी उंचीच्या मानाने जास्त, हे यांत्रिक नौकेचे तांडेल, नौकामालक व कुटुंबप्रमुख असून, कधी निघावे आणि कोणत्या मार्गाने जावे याबाबतचा त्यांचा निर्णय अंतिम राहील. त्यावर अपील नाही. ओळखीची खूण : आभाळाकडे पाहताना डावा डोळा मिटतात.

यांपैकी डोळ्याची बाब मी स्वतः पडताळून पाहिली आहे. बाकीची माहिती त्यांनीच पुरवली.

कोळीवाड्यात संसाराची हद्द भरतीच्या रेषेवर ठरते. रेषेपलीकडे, पाण्यात, तांडेलाचा शब्द. होडी वाळूला लागून मासळीची टोपली उतरली, की राज्य तांडेलाच्या बायकोचं. मासळी कुणाला द्यायची, काय भावाने द्यायची, आलेला पैसा कुठल्या डब्यात जायचा आणि तांडेलाला त्यातून बिडीकाडीला काय मिळायचं, हे सगळं तिच्या अखत्यारीत. ही वाटणी कुणी कधी लिहून काढली नाही, त्यामुळे ती सगळ्यांना पाठ आहे. तुळशीराम आणि त्याची बायको रतन यांचा संसार या वाटणीवर उत्तम चालला होता. मग मधे विमान आलं. ते पाण्यातही नाही आणि वाळूवरही नाही.

त्याचं असं झालं. त्यांची मुलगी प्राप्ती विशाखापट्टणमला असते. जावई विनेश तिथल्या बंदरात क्रेन चालवतो. प्राप्तीचं पहिलं बाळंतपण, आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली. तिने फोनवर स्पष्ट मागणी नोंदवली.

"आये, बाळंत व्हायच्या आत मना तू पायजेस. न् आपले सुके बोंबील. न् जवला. बाबा आला तरी चालंल."

"तिथे समुद्र नाही का?" मी तुळशीरामला विचारलं.

"हाय. पण उलटा. सूर्य पाण्यातून वर येतो तिथं. असल्या समुद्राचा काय भरवसा?"

विनेशने फोनवर दोन विमानं पाठवली. एक थेट. स्वस्त, पण त्या सवलतीच्या तिकिटावर हातातली पिशवी सोडून काही नेता येत नव्हतं. दुसरं महाग. हैदराबादला उतरून तिथून दुसऱ्या विमानात बसायचं, मात्र दोन मोठी गाठोडी तिकिटातच.

रतनचं मत तत्काळ तयार झालं. "अलिबागच्या टेम्पोत जन्मभर टोपलीचं भाडं भरलं मी. माझं कुणी मागितलंच न्हाय. माणूस काय, कुठंपन मावतो. इथं टोपली फुकट नेतात, मग ते महाग कसं?"

या युक्तिवादात मला चूक सापडली नाही. शोधली होती.

तुळशीरामला ती शोधण्याचीही गरज वाटली नाही. "मधलं बंदर कोण घेतो? ज्याचं इंजिन बिघडलं तो. चांगला तांडेल निघाला का थेट जातो."

"समुद्रात जा थेट. हे विमान हाय."

"विमान जातं कशावरनं? हवेवरनं. वारा कोण बघतो? तांडेल."

"न् पैसं कुठल्या डब्यातून जातात?"

वारा तुळशीरामचा, डबा रतनचा. त्यामुळे प्रश्न जमातीच्या पाटलांकडे, येसाजीकाकांकडे गेला. मासेमारीबंदीचे दिवस, होड्या वर ओढलेल्या, जाळी विणून झालेली. त्यामुळे एका जोडप्याच्या तिकिटाला ग्रामसभेला येत नाहीत एवढी माणसं जमली. रतनची जाऊ ठमी सगळ्यांत पुढे.

"भावजी, विमानात पोरी पाणी वाटतात म्हणं," ती म्हणाली. "तुमचं पाण्यातलं राज्य तेवढंच हां. पेलाभर."

येसाजीकाकांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि निकाल दिला. "उडतंय तवर तांडेलाचं. चाकं टेकली का रतनचं."

निकाल सर्वांना पटला आणि त्याने कशाचाही निकाल लागला नाही. थेट विमानात रतनला मधे काहीच मिळत नव्हतं. हैदराबादमार्गे गेलं, तर निम्म्या वाटेत सत्तांतर. दोघंही आपापल्या विमानावर आणखी घट्ट बसले.

तिकीट काढणं कुणाच्या हद्दीत, हे मात्र काकांनी सांगितलंच नव्हतं. तुळशीरामच्या मते तिकीट उडण्याचं असतं, म्हणून ते त्याचं. तो बाजारपेठेत गणराजच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला आणि थेट विमानाची दोघांची तिकिटं काढून आला. रतनच्या मते तिकीट काढणारा माणूस जमिनीवर उभा असतो. तिने त्याच दुपारी विनेशला फोन करून त्याच दिवसाची हैदराबादमार्गे दोघांची तिकिटं काढवली. एकमेकांना कुणी सांगितलं नाही. आपल्या हद्दीतली गोष्ट दुसऱ्याला कोण विचारतो?

रतन बोंबील बांधायला बसली तेव्हा गोष्ट उघडकीला आली. आधी वर्तमानपत्र, त्यावर प्लास्टिक, त्यावर जुनं लुगडं, पुन्हा प्लास्टिक.

"ही गाठोडी कुठं चालली?" तुळशीरामने विचारलं.

"विमानात."

"आपल्या विमानात गाठोडी घेत न्हाय."

"माझ्या विमानात घेतात."

यानंतर घरात जे झालं ते शेजारच्या तीन घरांना तोंडपाठ आहे, मी पुन्हा सांगत नाही. शेवटी ठरलं, ज्याने त्याने आपापल्या विमानाने जावं. उरलेल्या दोन तिकिटांविषयी बोलण्यावर बंदी आहे. ती रतनने घातली, म्हणजे अजून लागू आहे.

रतनचं विमान सकाळचं. ती आयुष्यात पहिल्यांदा उडाली आणि हैदराबादला उतरल्यावर, सत्ता हाती आल्याबरोबर, पहिलं काम तिने केलं ते म्हणजे खुर्चीवर मांडी घालून डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. आसपासच्या रांगा रिकाम्या झाल्या. एक तेलुगू बाई मात्र वासाच्या दिशेने चालत आली. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. तरी ती बाई अर्धी भाकरी खाऊन आणि बोंबलांची ऑर्डर देऊन गेली.

दुपारी रतन आणि गाठोडी विशाखापट्टणमला पोचली. प्राप्तीने बोंबलाचं कालवण दोनदा वाढून घेतलं आणि भांडं पुसून खाल्लं. डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून लांब होती. तासाभरात कळा सुरू झाल्या.

तुळशीराम तेव्हा कुठे होता? मुंबईच्या विमानतळावर. हंगामाची पहिली होडी नारळ वाढवल्याशिवाय निघत नाही, म्हणून हातातल्या एकमेव पिशवीत त्याने नारळ घेतला होता. तपासणीच्या मशीनने तो पकडला.

"ये किसलिए?" जवानाने विचारलं.

"विमान के नाक पे वाढवने का हाय."

जवानाने साहेबांना बोलावलं. साहेब गुहागरकडचे निघाले. त्यांनी नारळ हातात घेतला, हलवून आतलं पाणी ऐकलं आणि अतिशय आदराने सांगितलं, "काका, आतून नाकापर्यंत जायला वाट नाही."

नारळ तिथेच राहिला. पुढे जे झालं ते नारळामुळेच झालं असं तुळशीरामचं आजही म्हणणं आहे. त्याचं थेट विमान खराब हवामानामुळे आधी थोडं लांबलं, मग आणखी, मग त्यांनी वेळ सांगणंच सोडलं. तुळशीराम काचेपाशी गेला, डावा डोळा मिटून आभाळ पाहिलं आणि काउंटरवरच्या मुलीकडे आला.

"पोरी, ह्या हवेत मी जाळं टाकून झोप काढलीय. सांग त्यांना, सोडा म्हणून. माझी लेक बाळंत व्हायची हाय."

"सर, ते पायलट ठरवतात. त्यांचा निर्णय फायनल असतो."

 हे वाक्य तुळशीरामने जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. तो खुर्चीवर जाऊन बसला.

रात्री उशिरा फोन आला. "पोरगी झाली," रतन ओरडली. "दोघी बऱ्या हायत. तुमी कुठं?"

"मुंबईत."

"थेट?"

"थेट," तुळशीराम म्हणाला.

मग त्याने ही बातमी आपल्या विमानाच्या लोकांना सांगितली, शेजारी जयपूरला निघालेल्यांना सांगितली, मशीनवरच्या साहेबांना सांगायला उलटा गेला आणि तिथून जवानाने त्याला हाताला धरून परत आणून बसवलं. वाटेत तो जवानालाही सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात होता. खिडकीबाहेर ढगांच्या फटीतून सूर्य पाण्याबाहेर येत होता. तुळशीरामने त्याच्याकडे पाठ केली आणि नातीला हातात घेतलं. तिने डावा डोळा मिटून उजव्याने त्याच्याकडे पाहिलं.

"तांडेल हाय!" तो ओरडला. नर्स धावत आली.

"असंल," रतन म्हणाली. "द्या हिकडं. आता जमिनीवर हाय ती."

त्याने दिली.

परतीची तिकिटं रतनने काढली. होडीही तिच्याच नावावर आहे.