खिसेमावशी

दोरा दातांनी तोडायच्या. कात्री गळ्यातच लटकत असायची, तरी.

चहा गार झाल्याशिवाय प्यायच्या नाहीत. आणि गार चहा दिला म्हणून कॅन्टीनवाल्याला चार शब्द सुनावल्याशिवायही राहायच्या नाहीत.

समोर कुणी आलं की आधी त्याची कॉलर बघायच्या, मग बटणं, मग तोंड.

सुई सापडेना झाली की मशीनला दटावायच्या. "गिळलीस ना?" सुई त्यांच्याच बाहीला टोचलेली असायची.

एक गाणं गुणगुणायच्या, पण त्याची एकच ओळ. दुसरी येत नव्हती. "दुसरी कशाला? तेवढ्यात शिवण संपते."

व्हरांड्यातून जाताना एखाद्या पेशंटच्या गाऊनची पाठीमागची नाडी सुटलेली दिसली, तर मागून जाऊन गाठ मारायच्या. विचारायच्या नाहीत. पेशंट दचकून वळेपर्यंत या जिन्यापाशी.

त्यांची खोली रुग्णालयाच्या तळघरात होती. धुलाईखान्याला लागून. एक भिंत कायम कोमट असायची, कारण तिच्यामागून वाफेचा नळ जायचा. खिडकी उंचावर. तिच्यातून बाहेरच्या रस्त्यावरची फक्त पावलं दिसायची. पायमशीन, लोखंडी मांडणी, धुऊन आलेल्या कपड्यांचे गठ्ठे. फाटक्या चादरी जोडणं, अभ्र्यांना टीप मारणं, गाऊनच्या तुटलेल्या नाड्या लावणं, हे त्यांचं काम. अर्धं आयुष्य त्यांनी तिथे घालवलं. तेव्हा सगळे त्यांना शिवणमावशी म्हणत.

मग त्यांचे दादा आजारी पडले. थोरला भाऊ. मावशींनी लग्न केलं नव्हतं, त्या दादा-वहिनींकडेच राहायच्या. दादांना याच रुग्णालयात, वरच्या मजल्यावर ठेवलं होतं. एक दिवस त्यांना तपासणीला न्यायला ढकलगाडी आली. नर्स म्हणाली, चष्मा काढून ठेवा. दादा चष्मा सोडायला तयार होईनात. एका हाताला सलाईन, दुसऱ्याला पट्टी. अंगावर रुग्णालयाचा गाऊन. ठेवणार कुठे? पलंगावर ठेवला तर मागे पलंग आवरायला माणसं येणार. चष्म्याशिवाय दादांना समोरचा माणूस म्हणजे नुसता ठिपका.

शेजारच्या पलंगावरच्या कुणाला तरी भेटायला एक गृहस्थ आले होते. त्यांनी डोक्यावरची कानटोपी काढली, चष्मा तिच्यात ठेवला आणि म्हणाले, "मी धरतो. तुम्ही निवांत जाऊन या, काका."

तपासणी लांबली. भेटीची वेळ संपली. पहारेकरी सगळ्यांना बाहेर काढू लागला. मावशी काम आटपून वर आल्या, तेव्हा हे गृहस्थ व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. केस विस्कटलेले, मांडीवर टोपी, टोपीभोवती दोन्ही हात. आत जणू पिल्लू आहे. पहारेकऱ्याशी त्यांचं चाललं होतं, "अहो, काकांना मी शब्द दिलाय."

त्यांनी चष्मा मावशींच्या हातात दिला, टोपी डोक्यावर चढवली आणि निघून गेले. कोण, कुठले, काही कळलं नाही. मावशींना आभार मानायचंही सुचलं नाही. पुढे कितीतरी दिवस त्या वहिनींना म्हणत, "तोंडातून शब्द फुटला नाही बघा माझ्या."

दादा त्या आजारातून उठले नाहीत.

कामावर परत आल्यावर मावशींनी पहिला गाऊन हातात घेतला तो उलटसुलट करून पाहिला. आजवर हजारो गाऊन हाताखालून गेले होते. नाड्या लावल्या, टीप मारली. त्याला खिसा नाही, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. माणूस घरून येतो तो चष्मा, कवळी, कानाचं यंत्र घेऊन येतो. इथे आल्यावर त्याला ते ठेवायला जागा नाही. त्यांनी फाटक्या चादरीचा धड तुकडा कापला आणि त्या गाऊनला खिसा लावला. कुणाला विचारलं नाही.

मग दुसऱ्याला लावला. मग लावतच गेल्या. नाव बदलून कधी खिसेमावशी झालं, ते त्यांनाही कळलं नाही.

घरी वहिनी म्हणायच्या, "वन्सं, जगाला खिसे लावताय. तुमच्या पिशवीचा बंद किती दिवस लोंबतोय, तो बघा."

"आपली पिशवी कुठे पळून चाललीय का?"

"पिशवी नाही पळत. त्यातले बटाटे पळतात. काल जिनाभर गोळा केले मी."

खिशांची वार्ता मुकादमांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. रुग्णालयाच्या सगळ्या कपड्यांचा कारभार त्यांच्याकडे. मनाने वाईट माणूस नव्हता, पण नियमात नसलेली गोष्ट दिसली की त्यांच्या अंगावर काटा यायचा. त्यात धुलाईयंत्रातून वस्तू निघायला लागल्या. कंगवा, पेन, बिस्किटांचा लगदा. पेनाने तर एक घाणाभर चादरी निळ्या केल्या.

"मावशी, हे शेवटचं सांगतो," मुकादम खोलीच्या दारातूनच म्हणाले. "यापुढे यंत्रात एक वस्तू सापडली की सगळे खिसे उसवायचे. तुम्हीच उसवायचे. आणि मग तुम्ही भांडारात बसून गाद्या मोजा. शिवायला मी दुसरं माणूस आणतो."

मुकादम गेल्यावर मावशी मशीनला म्हणाल्या, "ऐकलंस ना? गाद्या मोजायला पाठवतोय मला."

त्यांना मशीनपासून उठवणं म्हणजे काय, हे तळघरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुकादमांनाही.

काही दिवस सुरळीत गेले. मग एका सकाळी धुलाईखान्यातला पैलवान आला. यंत्रं चालवणारा हा दांडगा माणूस एरवी हाकेनेच भिंत हलवायचा. आज हळूच आला आणि तळहात पुढे केला.

"मावशी, बघा कोण हसतंय."

तळहातावर कवळी होती. मधोमध मोडलेली.

मावशींना हसू आलं नाही. "कुठल्या वॉर्डातली?"

"पुरुषांच्या. तुमच्याच खिशातून. मुकादमांना कळवावं लागेल हो मला. पण जरा सावकाश जिना चढतो."

पैलवान सावकाश चढला, मावशी धावत चढल्या. कवळी कुणाची, हे वॉर्डात विचारावंच लागलं नाही. तक्रारमास्तरांची. हे नाव नर्सनी ठेवलं होतं. पंखा जोरात आहे म्हणून तक्रार, हळू आहे म्हणून तक्रार. उशी, सूप, शेजाऱ्याचं घोरणं, काही सुटलं नव्हतं. ते पलंगावर बसले होते. गाल आत गेलेले, कपाळाला आठ्या.

"आजोबा, तुमची कवळी..."

"सापडली?" शब्दांबरोबर निम्मी हवाच बाहेर आली.

"सापडली. पण एकीच्या दोन झाल्या."

मावशींनी तुकडे पुढे धरले. आजोबांनी पाहिले. शेजारच्या पलंगावरच्याने पांघरूण डोक्यावर घेतलं, आता काय होणार ते ऐकायला नको म्हणून.

"खिसा कुणी शिवला?"

"मी."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

एवढ्यात मुकादम आले. मागे पैलवान, खाली मान घालून. "आजोबा, तुमचं नुकसान झालंय. तक्रार करा. तोंडी केली तरी चालेल. हे खिसे मी आजच्या आज बंद करतो."

"खिशांचा काय संबंध?" आजोबा म्हणाले.

"कवळी खिशात होती ना तुमची?"

"कोण म्हणतं? मी फेकली ती."

"फेकलीत?"

"मग! काल तुमचं सूप आलं. ते खायला कवळी लागते का हो? नुसतं पाणी. डोकं फिरलं माझं. दिली फेकून मळक्या कपड्यांत."

"स्वतःची कवळी कुणी फेकतं का, आजोबा?"

"माझी कवळी, माझं सूप, माझं डोकं. तुम्ही कोण विचारणारे? तक्रारच हवी ना? लिहा मग. सूप पातळ. दोनदा लिहा."

नर्स खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मुकादमांनी आजोबांकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं आणि ते बाहेर गेले.

मावशी तिथेच उभ्या राहिल्या. "आजोबा, माझ्यासाठी खोटं का बोललात? ओळख ना पाळख."

"खोटं कुठलं? सूप पाणीच होतं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "इतके दवाखाने झाले, बाई. सगळीकडे कवळी कागदात बांधून उशाखाली ठेवायची आणि सकाळी गादी उपसायची. या म्हाताऱ्याचे दात कुठे ठेवायचे, हा विचार आजवर कुणी केला नव्हता. आता जा. मला बोलवत नाही. तोंडात दात नाहीत माझ्या."

मुकादम दूधखुळे नव्हते. संध्याकाळी ते खाली आले. मावशी गठ्ठे बांधत होत्या, गाद्या मोजायला जायच्या तयारीने. तेवढ्यात पैलवानच मध्ये पडला.

"साहेब, चूक माझीपण आहे. पण पांढऱ्या गाऊनवर पांढरा खिसा. ढीग येतो, मी लोटतो यंत्रात. मला दिसणार कसा? रंगीत खिसा असता तर डोळ्यांत भरला असता. आधी हात घातला असता मी आत."

मुकादम कोमट भिंतीला टेकले. मग म्हणाले, "वर्षाची तपासणी येतेय. तोवर सगळ्या वॉर्डांचे खिसे रंगीत झाले, तर मी ते नियमात बसवून घेतो. एकही पांढरा दिसला, तर सगळे उसवायचे. भांडारातून रंगीत कापड मिळणार नाही. तिथे पांढऱ्याशिवाय काही येत नाही."

"बघते," मावशी म्हणाल्या, आणि गठ्ठे सोडायला बसल्या.

घरची जुनी कापडं चार दिवसांत संपली. वहिनींनी खिडकीचा पडदा काढून दिला. "घ्या. आता शेजारीण आपल्या घरात बघेल आणि मी तिच्या."

पुढचं काम तक्रारमास्तरांनी केलं. नवी कवळी येईपर्यंत ते वॉर्डात आल्यागेल्याला धरत. "फळं काय आणता नुसती? आजारी माणसाला फळं जातात का? घरात जुनं रंगीत कापड असेल ते आणा. धुऊन आणा." ज्यांना कधी पाहिलं नाही अशांच्या हातच्या पिशव्या चौकशीच्या खिडकीत येऊन पडू लागल्या. शाळेचे गणवेश, टेबलावरची कापडं, कुणाचा तरी ठिपक्याठिपक्यांचा झगा. एकाने छत्रीचं कापड आणलं. तेही मावशींनी ठेवून घेतलं, त्याला वाईट वाटू नये म्हणून. खिडकीतली मुलगी संध्याकाळी पिशव्या खाली पोचवायची. साहित्य शिकून आली होती. मावशी तिची थट्टा करायच्या, "एवढी पुस्तकं वाचलीस आणि लोकांना संडास कुठे आहे ते सांगत बसतेस." मग तिला कच्चे टाके घालायला बसवायच्या.

वॉर्डातून फुलाफुलांचे खिसे हिंडू लागले. पिळदार मिशांचा एक ट्रकचालक गुलाबी खिसा लावून तपासणीला गेला आणि येताना म्हणाला, आणखी एक लावा, दुसऱ्या बाजूला.

वर्षाची तपासणी जवळ आली. लहान मुलांचा वॉर्ड तेवढा राहिला होता. शनिवारी एक बाई तळघर शोधत आल्या. हातात घडी केलेला शर्ट. फिकट निळा, बारीक चौकडीचा.

"खिसे करता त्या तुम्हीच का?"

"मीच. बसा."

त्या बसल्या नाहीत. "माझे यजमान इथेच होते, वरच्या वॉर्डात. गेले. त्यांना ऐकू यायचं नाही, कानाचं यंत्र लागायचं. एरवी दवाखान्यात ते कुठेतरी हरवायचं आणि हे नुसते बघत राहायचे. या वेळी गाऊनला खिसा होता. आपल्या हातानेच काढून कानाला लावायचे. शेवटपर्यंत माझं बोलणं त्यांना कळलं." त्यांनी शर्ट टेबलावर ठेवला. "याचे जितके होतील तितके खिसे करा."

मावशींनी शर्ट उलगडला. आधी कॉलर पाहिली, मग बटणं. एकही सैल नव्हतं. मग कात्री गळ्यातून काढून बाजूला ठेवली.

"हा मी कापायची नाही."

"अहो, पण मी देतेय ना."

"द्या ना. याला छातीवर खिसा आहे, तो तेवढा उसवून घेते. एका पोराच्या गाऊनला पुरेल. शर्ट तुम्ही घरी न्या."

"बिनखिशाचा शर्ट नेऊन काय करू मी?"

"काही करू नका. असू दे." मावशींनी शर्ट पुन्हा घडीवर आणला. "सोमवारी या. घाईत उसवला तर कापड फाटेल. तुमच्या यजमानांनी जपून वापरलाय."

बाई गेल्या. मावशी त्या दिवशी उशिरापर्यंत बसल्या होत्या.

रविवारी सकाळी घरी, आरशासमोर केस विंचरताना त्या खाली बसल्या. वहिनींना वाटलं, कंगवा पडला असेल.

सोमवारी बाई चौकशीच्या खिडकीशी आल्या. "मावशी काल गेल्या," मुलगी म्हणाली. ती बाहेर आली आणि त्यांना घेऊन खाली गेली. तळघरात मुकादम आणि पैलवान दाराबाहेर उभे होते. किल्ली मुकादमांच्या हातात होती. त्यांनी बाईंचं ऐकून घेतलं आणि कुलूप काढलं.

मांडणीत लहान मुलांचे गाऊन होते. अजून कितीतरी पांढऱ्या खिशांचे. पैलवानाने मुकादमांकडे पाहिलं.

"यातला एकही उसवायचा नाही," मुकादम म्हणाले. "तपासणीवाल्यांशी मी बोलतो."

निळा शर्ट मशीनजवळ पसरलेला होता. खिसा दोन्ही बाजूंनी आणि खालून उसवून झाला होता. कापडाला कुठे ओरखडा नव्हता. सुटलेले दोऱ्याचे तुकडे तिथेच, एकाजवळ एक पडले होते. वरच्या कोपऱ्याच्या टाक्याखाली सुई घातलेली होती. तो टाका उचललेला होता, तोडलेला नव्हता.