नकाशातली मोकळी जागा

शहरी भूगोल शिकवणारे आमचे सर शिकागोबद्दल असं बोलायचे, जणू शिकागो नाशिकच्या शालिमार चौकापलीकडंच आहे. मधे बाजार, त्याच्याभोवती गरीब, मग कामगार, मग बंगलेवाले. फळ्यावर वर्तुळात वर्तुळ, आणि एम.ए.चा आमचा वर्ग नंदीबैलासारखा माना डोलवतोय. मी एकदा विचारलं, नासर्डी नदीकाठची वस्ती यातल्या कुठल्या वर्तुळात येते? सर म्हणाले, "ती अनधिकृत वाढ." आणि पुढं सरकले. वाढ म्हणे! माझा जन्म तिथला. गळू आहे का काय ते?

त्या वर्षी प्रात्यक्षिकाला नाशिकचा भूमी-उपयोजन नकाशा होता. प्रत्येकाला शहराचा एकेक तुकडा वाटून दिला. पायी हिंडायचं, कुठल्या जागेवर काय आहे ते टिपायचं आणि ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं उतरवायचं. तिरप्या रेघा म्हणजे राहती घरं, जाळी म्हणजे दुकानं, ठिपके म्हणजे शेतं. काहीच काढलं नाही, तर ती जागा पडीक. माझ्या वाट्याला नासर्डीचा काठ आला. मी आमच्या वस्तीवर तिरप्या रेघा ओढल्या, विहाराच्या जागी छोटा गोल काढला. आयुष्यात इतक्या सरळ रेघा मी पुन्हा कधी ओढल्या नाहीत.

वस्तीला नळ नव्हता. बाया पलीकडच्या कॉलनीतून पाणी आणायच्या आणि पाण्याबरोबर तिथल्या बायकांची बोलणीही आणायच्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, सातपूरला कारखान्यात हेल्पर होते. पाळी संपली की वस्तीतल्या दोघा जाणत्यांना घेऊन नगरपालिकेत नळासाठी खेटे घालायचे. तिथला साहेब दरवेळी एकच ऐकवायचा, "तुमची वस्ती नकाशात आहे कुठं? आधी ते दाखवा."

मी वस्ती नकाशात काढलीय हे कळल्यावर अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले, "झालं की मग! आता बघतो नळ कसा देत नाय ते."

"अण्णा, हा कॉलेजचा नकाशा आहे. सरकारी नाही."

"कॉलेज काय सरकारच्या बाहेर हाय का?"

आणि सर तर वर्गात सांगायचे की शहराच्या आराखड्याला ते सल्ला देतात, आपले नकाशे तिथं उपयोगी पडतील. मलाही आशा होतीच.

नकाशे जमा झाले, त्यांच्या अमोनिया प्रिंट, म्हणजे नकला निघाल्या, विभागात प्रदर्शन लागलं. मी त्या दिवशी तापानं फणफणले होते. अण्णा एकटेच इस्त्रीचा शर्ट घालून गेले. नकाशा शोधायच्या भानगडीत न पडता त्यांनी थेट सरांकडे पोरीच्या नकाशाची प्रिंट मागितली. सरांनी आनंदानं दिली, वर गुंडाळी करून रबर लावून. घरी मी म्हटलं, बघू तरी. अण्णांनी हात लावू दिला नाही. "चुरगळंल. साहेबापुढंच उघडायचा."

ताप उतरल्यावर मलाही बरोबर घेतलं. साहेबानं गुंडाळी टेबलावर पसरली, कोपऱ्यावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि बोट फिरवायला लागला. "ही नासर्डी. हा पूल. आणि इथं... इथं तर काहीच नाही हो, काका."

मी वाकून बघितलं. पूल होता, रस्ता होता, दुकानांची जाळी होती. आमच्या जागी पांढरा कागद. आणि खाली कोपऱ्यात, माझ्याच अक्षरात, माझं नाव.

"ही तुमचीच मुलगी ना?" साहेबानं नावावर बोट ठेवून विचारलं. चेष्टा नव्हती त्याच्या आवाजात, तेच जास्त झोंबलं.

रस्त्यात अण्णांनी प्रिंट पुन्हा गुंडाळून रबर लावलं. मग म्हणाले, "नाव मात्र झ्याक उठलंय तुझं."

मी तशीच कॉलेजात गेले. मूळ ट्रेसिंग काढून खिडकीच्या उजेडात धरलं. वस्तीच्या जागी कागद खरवडलेला, लव उभी राहिलेली. ट्रेसिंगवरची शाई रबरानं जात नाही, ब्लेडनं खरवडावी लागते.

"मीच काढलं," सर म्हणाले. कसली लाज नाही, काही नाही. "तिथं बागेचं आरक्षण आहे. मंजूर असेल तेच दाखवायचं. तुझा हात बसला नसता, कागद फाटला असता."

"सर, तिथं माणसं राहतात. मी राहते."

"भावनेवर भूगोल चालत नाही, बाई."

त्या माणसाची खुर्ची उलथून टाकावी असं वाटलं मला. अजून वाटतं. त्या नकाशाला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले, शेरा होता 'काम स्वच्छ'.

घरी आले तर प्रिंट जमिनीवर पसरलेली होती. अण्णा आईला बोटानं दाखवत होते, हा पूल, ही नदी. आई दिंडोरीकडची, कधी शाळेची पायरी न चढलेली. तिनं त्या पांढऱ्या जागेकडे नीट बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग इतकी वर्षं मी पाणी भरलं," ती म्हणाली, "ते कोणाच्या घरात गं?"