पाणी तोडलेला मोगरा

सकाळी सात वाजले की आमच्या बागवाल्यांच्या ग्रुपवर हवापाणी सुरू होतं. कोणी लिहितं, आज गारवा बरा आहे. कोणी जास्वंदीचा फोटो टाकतं, कोणी शेणखताच्या गोणीचा. एक रिटायर झालेले काका रोज नुसत्या थर्मामीटरचाच फोटो टाकतात. त्यांच्याकडे झाडं आहेत की नाही याची मला शंकाच आहे. फेब्रुवारी लागला की या सगळ्यांना ऊत येतो. छाटणी झाली का, माती बदलली का, मावा पडला का. बुऱ्हाणपुरात वसंत जेमतेम तीन आठवडे टिकतो. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा, आणि होळी झाली की थेट भट्टी. जे काय करायचं ते त्या तीन आठवड्यांत करायचं असतं.

या ग्रुपमधली जाणकार मी. स्वतःच्या तोंडाने सांगतेय, पण खोटं नाही. माझं माहेर वरुडकडचं, संत्र्याच्या बागांचं. लग्नानंतरची वर्षं पेपर मिलच्या कॉलनीत गेली आणि नवरा रिटायर झाल्यावर आम्ही राजघाटाच्या वाटेवर घर घेतलं. घर लहान, पण गच्ची मोठी. तिथे माझ्या साठ-सत्तर कुंड्या आहेत. संत्र्याला ताण देतात हे मी लहानपणापासून पाहिलेलं. झाडाचं पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची, झाड पुरतं घाबरलं की पाणी सोडायचं. मग ते अंगभर फुलतं. मोगऱ्यालाही तेच लागू पडतं. कुंडीतल्या मोगऱ्याला पंधरा दिवस पुरे होतात, सोळाव्या दिवशी पाणी द्यावंच लागतं. पाणी तोडणं कोणालाही जमतं. ते परत कधी द्यायचं, हे ओळखायला जाणकार लागतो.

शेजारच्या गच्चीवरची बाई दापोऱ्याची, केळीवाल्यांची लेक. दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा, बस. केळीला पाणी तोडणं म्हणजे पाप. त्यामुळे हिला एकच विद्या येते, पाणी घालणं. सकाळी घालते, संध्याकाळी घालते, कोणी पाहुणा आला तर त्याला चहा देऊन येते आणि पुन्हा घालते. मला ताई म्हणते. सरळ बाई आहे, आणि सरळ माणसांचा मला मनापासून राग येतो. तिने ओल्या पायांचा आणि एका कोथिंबिरीच्या जुडीचा फोटो टाकला तरी ग्रुपवर बदामांचा पाऊस पडतो. मी छाटणीवर दहा ओळी लिहिल्या तर दोन अंगठे, त्यातला एक नवऱ्याचा.

यंदा जानेवारीत माझ्या टोमॅटोची पानं गुंडाळली. मी ग्रुपवर लिहिलं, थंडीमुळे झालंय. खाली हिने लिहिलं, "ताई, पानामागे बघा बरं, पांढरी माशी असन." होती. पानामागे पीठ सांडल्यासारखी पांढरी माशी बसलेली होती. तेवीस जणांनी तिचं कौतुक केलं. मीसुद्धा हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि दिवसभर घरात भांडी आपटली.

तिच्या मुलीचं लग्न एप्रिलात ठरलं होतं. गच्चीवर सिमेंटच्या मोठ्या कुंडीत एक मोगरा होता, मुलीने सातवीत असताना लावलेला. मायलेकींचं ठरलेलं होतं की लग्नाच्या दिवशी गजरा विकतचा नाही, याच झाडाचा. सातवीपासून दोन वर्षं मुलगी माझ्याकडे गणिताला येत होती. मी सांगितलं की सूत्र असं लिही, तर तसंच लिहायची, का म्हणून विचारायची नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोघी कठड्याशी आल्या.

"काकू, सच्ची सांगा, एप्रिलपर्यंत फुलं येतील ना?"

"येतील की. पण मी सांगेन ते करावं लागेल."

"तुम्ही म्हणशान तसं, ताई," आई म्हणाली.

मी कठड्यावरून पलीकडे गेले, पानं ओरबाडून काढली, शेंडे छाटले आणि सांगितलं, आजपासून पाण्याचा थेंबही नाही. आईचा चेहराच पडला. "ताई, पाणी तं आम्ही जलमभर देऊनच ऱ्हायलो. बंद कसं करू? हात शिवशिवन माझा."

"शिवशिवू दे. मी सांगेन तेव्हाच द्यायचं."

तिथपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. सल्ला चोख होता. माझ्या स्वतःच्या तीन मोगऱ्यांना मी त्याच दिवशी ताण दिला आणि पंधरा दिवसांनी पाणी सोडलं, शेणखत घातलं. त्याच दिवशी तिलाही सांगायचं होतं. झारी हातात घेऊन मी कठड्यापर्यंत गेलेदेखील. तेवढ्यात फोन वाजला. तिने ग्रुपवर तिच्या त्या काटक्यांचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, लेकीच्या गजऱ्याची तयारी. एकोणचाळीस बदाम. लोक तिला शाबासकी देत होते, वा ताई, काय अभ्यास आहे तुमचा. कोणाच्या सल्ल्याने चाललंय, हे तिने लिहिलं नव्हतं. मी झारी खाली ठेवली. विसरले असं म्हणायची सोय होती, पण मी विसरले नव्हते.

दोन दिवसांनी तिने कठड्यावरून विचारलं, "ताई, अजून किती दिन?"

"सकाळी अजून गार आहे. आता पाणी दिलंस तर नुसती पानं येतील, कळ्या नाही."

हे मी इतकं बेमालूम सांगितलं की क्षणभर मलाच खरं वाटलं. ती मान डोलावून गेली. सवयीने भरलेली बादली तिने कढीपत्त्याला ओतली. आठवड्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, होळी पेटू दे. होळी पेटली, विझली, दुसऱ्या दिवसापासून गच्चीची फरशी पायाला पोळायला लागली. तिने फोनवर मेसेज टाकला, "ताई, आता?" मी ते वाचलं. वाचल्याच्या निळ्या खुणा तिला दिसल्याच असणार. उत्तर दिलं नाही. नंतर कळलं, आई त्या दिवशी तांब्या घेऊन कुंडीशी गेली होती. मुलीने तिचा हात धरला. म्हणाली, काकूंनी सांगितलं नाही ना अजून, मग थांब. काकू विसरणाऱ्यातल्या नाहीत.

मार्चच्या मध्यावर मायलेकी पत्रिका वाटायला दापोऱ्याला गेल्या. त्या दुपारी मी कठडा ओलांडला. मोगऱ्याच्या फांदीला नखाने ओरखडा काढला. आत तपकिरी. दुसरी फांदी, तीही तपकिरी. अगदी बुंध्याशी, मातीला लागून, नखाखाली बोटाच्या पेराएवढा हिरवा रंग दिसला. जीव होता. मागे वळून चार पावलं टाकली असती तर माझी भरलेली झारी होती. मी ते हिरवं बघत उभी राहिले आणि हिशेब केला की आता पाणी दिलं तर झाड वाचेल, पण एप्रिलात फूल येणार नाही. म्हणजे मोगरा जिवंत आणि जाणकार खोटी पडलेली. त्यापेक्षा सगळंच वाळलेलं बरं, उन्हावर ढकलता येतं. मी ओरखड्यावर माती चोळली आणि घरी येऊन नवऱ्याला चहा केला.

लग्नाला मी गेले, चांगली पैठणी नेसून. मुलीच्या केसांत बाजारातला गजरा होता, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. माझ्या गच्चीवर त्या दिवशी तीन मोगरे पांढरे झाले होते. एक परडी भरून नेता आली असती. नेली नाही, कारण सगळ्यांनी विचारलं असतं, तुमच्याकडे फुलला मग तिच्याकडे का नाही? मुलगी पाया पडायला वाकली तेव्हा तो शिळा वास माझ्या नाकात गेला. मी तिला सुखी राहा म्हटलं आणि मला माझीच किळस आली. तरीही जेवले, दोनदा जिलबी घेतली.

दुसऱ्या दिवशी आईने ग्रुपवर लिहिलं, "मोगरा नाही आला. माझ्याच हातून काही चूक झाली असेल. शेजारच्या ताईंनी सही सांगितलं होतं." या वेळी माझं नाव घ्यायला ती विसरली नाही. खाली पंचवीस जणांनी हळहळ व्यक्त केली. मी लिहिलं, यंदा ऊन लवकर आलं. थर्मामीटरवाल्या काकांनी लगेच पुरावा म्हणून फोटो टाकला.

मुलगी पंधरा दिवसांनी माहेरी आली. मी कपडे वाळत घालत होते. पलीकडून हाक आली, "काकू!" हातात हिरवा चुडा, तोंडभर हसू. "आई म्हणते कुंडी खाली करून टाकू, गलग्यांचा वेल लावू. मी म्हटलं असं कसं, काकूंनी अजून सांगितलंच नाही. घालू का आता पाणी?"

तेव्हा सांगायला हवं होतं. पोरी, ते मेलं, मी मारलं. एवढे पाच शब्द. तिच्या डोळ्यांत सातवीतल्या वहीसारखा विश्वास होता आणि मला त्याची भीती वाटली.

"घाल," मी म्हटलं.

ती सासरी गेली. जाताना आईला बजावून गेली. तेव्हापासून रोज सकाळी, कोणी गारवा लिहितं, कोणी ऊन लिहितं, आणि पलीकडे बाई त्या काटकीला तांब्याभर पाणी घालते. पाणी मातीतून सरळ खाली येतं, कुंडीच्या भोकातून बाहेर पडतं आणि उतारामुळे कठड्याखालच्या मोरीतून माझ्या गच्चीवर येतं. मी फरशी पुसून घेते.

काल ती कठड्याशी आली. म्हणाली, "ताई, फुटवा तं दिसून नाही ऱ्हायला. किती दिन घालू अजून?"

"घालत राहा," मी म्हटलं. "मी सांगेन."