मसलती

मी शिकलो तो सांगलीजवळच्या एका जैन शेतकऱ्यामुळे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आम्ही पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले मेंढपाळ. दर हिवाळ्यात आमच्या मेंढ्या खतासाठी त्यांच्या रानात बसत. माझ्या बहिणीला कुठं द्यायचं इथपासून सगळं माझे वडील, बापू, त्यांनाच विचारत. "अण्णा म्हंजी आपले मसलती," असं अभिमानानं सांगत.

माझे चुलते हाच शब्द वेगळ्या सुरात उच्चारत. "मसलती माणूस हाय त्यो, जपून ऱ्हावा." शाळेच्या इतिहासात मसलत बंद दाराआड शिजायची, त्यामुळे मला चुलत्यांचंच पटे. अण्णांनी काही सुचवलं की त्यात त्यांचं काय, हे मी शोधायचो. सापडायचंही. मेंढ्या सगळ्यांआधी त्यांच्याच रानात बसत.

मी बारावी झालो. पालात कागद भिजतील म्हणून बापूंनी माझा शाळा सोडल्याचा दाखला अण्णांकडे ठेवला. मी दोनदा मागायला गेलो. दोन्ही वेळा ते म्हणाले, कॉलेज कुठलं ते ठरू दे आधी. माझी खात्री झाली. मी शिकलो तर मेंढ्या राहणार नाहीत, आणि मेंढ्या नाहीत तर यांच्या रानाला खत नाही. मी शाळेत गेलो, दाखला गहाळ झाल्याचं शपथेवर लिहून दिलं आणि दुसरी प्रत काढली.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मी कॉलेजच्या खिडकीपाशी उभा होतो. तेवढ्यात अण्णा आले. माझ्यासाठी चार कॉलेजांत चौकशी करून तेही याच कॉलेजात पोचले होते. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत मूळ दाखला. कारकुनानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, हा तर हरवला असं या मुलानं शपथेवर लिहिलंय. माझा प्रवेश तिथंच संपत होता. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले. "माझ्याच घरात सापडला."

याच्या बदल्यात ते काय मागतील, याची मी तीन वर्षं वाट पाहिली. त्यांनी काही मागितलं नाही, तेव्हा संशय आणखीच वाढला.

पदवीच्या वर्षी ग्रंथालयातल्या जाड कोशात मी तो शब्द काढला. मसलत मूळ अरबी. अर्थ भलं, हित. सल्ला त्याच धातूचा. मसलती म्हणजे विश्वासानं सल्ला देणारा. त्याच ओळीत पुढं, कारस्थानी. दोन्ही अर्थांमध्ये फक्त एक स्वल्पविराम होता.

आता मी मेढा या गावी शिक्षक आहे. गेल्या आठवड्यात त्यांना पत्र टाकलं.

"ती. अण्णांना सा. न.
फोनवर बोलायला धीर होत नाही म्हणून लिहितो. दाखला हरवला नव्हता, हे तुम्ही तेव्हाच ओळखलं असणार. तुम्ही तो दाबून ठेवलाय असं मला वाटलं, म्हणून मी खोटं लिहिलं. बापू अजून समजतात की दाखला तुमच्या हातून हरवला होता. चारचौघांत तसं थट्टेनं सांगतात, आणि तुम्ही ऐकून घेता. आता त्यांना खरं सांगायचं म्हणतो. तुमच्यासमोर सांगू, की आधी घरी जाऊन एकट्यानं? तुम्ही म्हणाल तसं करीन."